डा आणि उ

कोलार रोडवरच्या त्या गॅरेजमध्ये मी पहिल्यांदा गेले ती धाकट्या दिराचा चष्मा द्यायला. तो आमच्याकडे अवधपुरीला जेवायला आला आणि चष्मा टेबलावरच विसरून गेला. दहा मिनिटांत परत फिरायचं ठरवून मी स्कूटर उन्हात लावली. तीन तासांनी बाहेर आले तेव्हा सीट तव्यासारखी तापली होती आणि माझ्या हातात एक कोरं रजिस्टर होतं.

दिरानं कारखान्यातली इंजिनिअरची नोकरी सोडून हे गॅरेज काढलं तेव्हा सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला होता. साधं गॅरेज असतं तर एकाच दिवसात भागलं असतं. पण हा फक्त जुन्या जपानी स्पोर्ट्स कार घेणार होता. त्या दुरुस्त करणार, गिऱ्हाइकाला हव्या तशा बदलून देणार. भोपाळमध्ये अशा कार किती, हा माझा पहिला प्रश्न होता. तो म्हणाला, "वहिनी, आत्ता मला सात माहितीयेत. पण लोक लपवून ठेवतात." मला वाटलं, थापा मारतोय. प्रत्यक्षात लोक खरंच लपवून ठेवतात. गॅरेजच्या मधोमध उभी असलेली कार कित्येक वर्षं करोंदच्या एका धान्य गोदामात पोत्यांच्या भिंतीमागे होती.

दोन सीटची, दोन दारांची, गुडघ्याएवढी बुटकी. पुढचे दिवे बटण दाबलं की पापणीसारखे वर येणारे. रंग एके काळी पिवळा असावा. मालक मंडीतले एक शेठ. तरुणपणी हौसेनं घेतली, दोन हिवाळे चालवली, मग लग्न, मुलं, धंदा. आता साठी जवळ आल्यावर त्यांना ती आठवली. "एक बार बड़े तालाब का चक्कर लगाना है इसमें," ते मला म्हणाले, "घरवाली आज तक नहीं बैठी।"

त्या दिवशी कार उघडायला नुकती सुरुवात झाली होती. नट चहाच्या ग्लासात, स्क्रू पत्रावळीवर, दाराचं हँडल खिडकीत. मी एक नट उचलला आणि दिराला विचारलं, "हा कुठला?"

"ते उस्तादांना माहीत."

"आणि उस्ताद आजारी पडले तर?"

कारखालून आवाज आला, "उस्ताद बीमार नहीं पड़ते, मैडम।"

मी सव्वीस वर्षं कारखान्याच्या स्टोअर्समध्ये काढली. स्वेच्छानिवृत्ती घेऊन मला तेव्हा तीन महिने झाले होते आणि घरातली डाळींच्या डब्यांपासून इस्त्रीच्या कपड्यांपर्यंतची सगळी कपाटं लावून संपली होती. ज्या वस्तूला नंबर नाही ती हरवलेलीच असते, फक्त कुणाला अजून कळलेलं नसतं, असं मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायची. तो नट हातात धरून मी दिराला तेच सांगितलं. तो म्हणाला, "मग तुम्हीच या ना उद्यापासून." मी समोरच्या दुकानातून रजिस्टर आणलं.

उस्तादांची ओळख त्याच दुपारी झाली. साठीचे, सडपातळ, पांढरी दाढी बारीक कातरलेली. काम ग्रीसचं, पण शर्ट सकाळी कडक इस्त्रीचा. हाताखाली दोन कारागीर. भोपाळमध्ये कुणी आगाऊ माणसानं परदेशातून कार आणली की ती उघडायला पूर्वी यांनाच बोलवायचे, असं दीर अभिमानानं सांगे. ते सारखं मॅडम मॅडम करायला लागले, म्हणून मी म्हटलं, "मुझे ताई बुलाइए।"

ते कारखालून अख्खे बाहेर आले. "ताई? ताई तो हमारे पड़ोस में थीं, अस्सी बरस की। दाँत एक नहीं था मुँह में।"

दिरानं समजावलं की हिंदीत ताई म्हणजे मोठी काकू असली तरी मराठीत ताई म्हणजे मोठी बहीण. उस्ताद विचारात पडले. "चलो, आपके यहाँ ताई जवान होती होगी," असं म्हणून परत आत सरकले. पुढे मात्र ते मला ताईच म्हणत राहिले.

कामाची पद्धत मी पहिल्या आठवड्यात घालून दिली. निघालेला प्रत्येक भाग पॉलिथिनच्या पिशवीत, पिशवीत चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर, तोच नंबर रजिस्टरात, पुढे भागाचं नाव, अवस्था आणि शेरा. इंग्रजीत लिहू नका, असं दिरानं बजावलं होतं; उस्ताद आणि कारागीर नागरी अक्षरं वाचतात, इंग्रजी नाही. मला तर बरंच वाटलं. घरी आम्ही पुण्यासारखं मराठी बोलतो, बाहेर भोपाळसारखं हिंदी, पण अक्षर एकच. लिहिलं की सगळ्यांना कळणार.

कारच्या डाव्या-उजव्याचा एक नेहमीचा घोळ असतो. समोर उभं राहून बघितलं तर एक डावं, आत बसून बघितलं तर दुसरं. म्हणून रजिस्टरच्या पहिल्या पानावर मी नियम लिहिला: बाजू नेहमी चालकाच्या सीटवर बसून ठरवायची. तो सगळ्यांना वाचूनही दाखवला. उस्तादांनी मान डोलावली. "ताई, ये बात पक्की।" चिठ्ठी दोन बोटं रुंद होती, तीत 'डावा' लिहायला भरपूर जागा होती. पण जिथे एका अक्षरात भागतं तिथे तीन लिहायची माझी सवय नाही. पुढचा म्हणजे पु, मागचा म्हणजे मा, डावा म्हणजे डा, उजवा म्हणजे उ.

या कारनं मला जेवढं कुतूहल दिलं तेवढं कारखान्यातल्या अजस्र यंत्रांनीही कधी दिलं नव्हतं. एक स्वतंत्र पान मी 'कारमधून निघालेल्या, कारच्या नसलेल्या वस्तू' या मथळ्याचं केलं. गहू, जवळजवळ दीड किलो. सुतळीचं उंदराचं घरटं, रिकामं. पन्नास ग्रॅमचं वजन. लहान मुलीचं एक पैंजण. वाळून कोळसा झालेलं लिंबू. गहू तर संपेचना. हवेच्या झडपेतून, सीटच्या रुळांतून, दाराच्या पोकळीतून. कुठेही ठोकलं की चार दाणे टपकायचे. तपकिरी चहाच्या रंगाचे, टणक. बाहेरच्या पिंपळावरची कबुतरं गॅरेजच्या दारात येऊन बसायला लागली.

याच गव्हावरून एकदा गंमत झाली. एका बोल्टचे आटे झिजून गेले होते, म्हणून मी चिठ्ठीवर शेरा मारला, 'आटे गेले'. उस्ताद चिठ्ठी घेऊन आले. "ताई, गेहूँ निकला वो तो समझे। ये आटा कब निकला? और गया कहाँ?" मी हसून हसून बेजार. मराठीत आटे म्हणजे बोल्टवरच्या वेटोळ्या खाचा; त्यांच्या भाषेत चूड़ी. मी चिठ्ठी बदलली, रजिस्टरात कंसात 'चूड़ी' लिहिलं आणि विषय संपला. तेव्हाच थांबून आणखी कुठे असं होतंय का बघायला हवं होतं. पण मी एक शब्द दुरुस्त केला आणि पुढच्या पिशवीकडे वळले.

आणखी एक नोंद त्या दिवसांतली. दीर सांगायचा, जगभर लोक अशा कार आणखी खाली बसवून घेतात, जमिनीला चिकटतील अशा. आमच्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्या वर उचलून मागायचं. कारण उघड होतं: कोलार रोडच्या कॉलन्यांमधले गतिरोधक. प्रत्येक कॉलनीनं आपल्या मर्जीनं बांधलेले, काही तर उशीएवढे. शेठच्या कारसाठी उस्तादांनी लेथवर दीड बोट जाडीच्या चकत्या काढून घेतल्या आणि स्प्रिंगांखाली बसवल्या. मी घरून उसनी आणलेली उशी खाली ठेवून उंची तपासली. पास.

मग जोडणी सुरू झाली. जोडणीत ब्रेक आधी, कारण कार ढकलायची तरी ती थांबायला हवी. पुढच्या दोन चाकांना कॅलिपर असतात. चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला दोन्हीकडून चिमटीत धरणारा लोखंडी पंजा, असं मी माझ्यापुरतं लिहून ठेवलं होतं. तेलाच्या दाबानं तो पंजा मिटतो. उस्तादांनी दोन्ही कॅलिपर उघडले, आतली रबरी सीलं बदलली, पिस्टन आरशासारखे घासले. मधल्या वेळात कॅलिपरचे सांगाडे वाळूच्या झोतानं साफ होऊन लाल रंगाचे तीन हात घेऊन आले होते. नवी बांगडी दिसावी तसे दिसत होते. मागचे दोन हँडब्रेकच्या तारेसकट जागीच लोंबत ठेवले होते, त्यांना चिठ्ठीची गरजच पडली नव्हती. पुढचे उस्तादांनी बसवले त्या दिवशी मी नव्हते. सासूबाईंचे डोळे दाखवायला गेले होते.

दुसऱ्या दिवशी हवा काढायची होती. तेलाच्या पाइपांत हवा राहिली तर पेडल मऊ लागतं, कार थांबत नाही. हवा काढायला दोन माणसं लागतात. एक आत बसून पेडल मारतो. दुसरा खाली बसून कॅलिपरवरचा एक छोटा पोकळ स्क्रू, ज्याला सगळे निपल म्हणतात, क्षणभर उघडतो. निपलला पारदर्शक नळी, नळी बाटलीत. पेडल मारायचं काम मी मागून घेतलं. मला आतून कसं वाटतं ते बघायचं होतं.

"दबाओ," उस्ताद खालून म्हणायचे. "पकड़ के रखो। छोड़ो।"

पहिल्या तासात बाटलीत बुडबुडे आले, नंतर नुसतं तेल. पण पेडल काही घट्ट होईना. पाय ठेवला की उशीत रुतल्यासारखा खाली जायचा. "बुलबुला बंद," उस्ताद कपाळ पुसत म्हणाले, "पेडल फिर भी रुई।"

तीन दिवस आम्ही तेच केलं. मी कागदावर संशयितांची यादी केली आणि एकेक खोडत गेले. पाइपला गळती: नाही. वरच्या मुख्य सिलिंडरची सीलं: बदलली, फरक नाही. तेल जुनं: नवी बाटली, फरक नाही. मी बसते तशी माझीच पेडल मारायची पद्धत चुकतेय का, म्हणून एका कारागिराला बसवलं. फरक नाही. यादीच्या तळाशी एकच संशयित उरला. मी तो लिहिला नाही, पण दिरानं मोठ्यानं म्हटला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो मला कारच्या नाकाशी उभा राहून मराठीत सांगायला लागला. उस्ताद दोन हातांवर, कार उचलून धरणाऱ्या घोडीशेजारी बसलेले. मराठी त्यांना कळत नाही, असा त्याचा हिशेब. "वहिनी, खरं सांगू? उस्तादांचे हात आता पूर्वीचे राहिले नाहीत. सील बसवताना कुठेतरी चीर गेली. इंदूरच्या एकाशी बोललोय, तो सोमवारी येतो. ब्रेकचं काम ह्यापुढे उस्तादांना द्यायचं नाही. ब्रेकमध्ये चूक झाली तर माणूस मरतो."

शेवटचं वाक्य बरोबर होतं. पण उस्ताद, हात, इंदूर, ब्रेक, सोमवार. यातला कुठला शब्द भोपाळच्या माणसाला कळणार नाही? उस्ताद उठले. हात धुतले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग त्यांनी भिंतीवरचे आपले स्वतःचे पाने एकेक करून काढले आणि जुन्या घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळायला लागले. तिथली बाकीची अवजारं गॅरेजची होती, हे पाने त्यांचे. ते घरी निघाले म्हणजे उस्ताद निघाले. दोन्ही कारागिरांनी काम थांबवलं. दीर फोनचं निमित्त करून बाहेर गेला.

मला समजूत घालता येत नाही. समोर दुःखी माणूस असला की मी प्रश्न विचारते, ती माझी खोड आहे. मी त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसले.

"उस्ताद, एक बात पूछूँ? हवा को पता कैसे चलता है कि निकलना किधर से है?"

ते पाना गुंडाळत राहिले. "हवा को क्या पता, ताई। हवा ऊपर जाती है, तेल नीचे बैठता है। शरबत की बोतल नहीं देखी कभी?"

"तो निपल सबसे ऊपर होता होगा।"

त्यांचे हात थांबले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "होना तो ऊपर ही चइये।"

तीन दिवस मी सीटवर बसून होते. खाली काय आहे ते मी एकदाही वाकून बघितलं नव्हतं. मोबाइलचा दिवा लावून गुडघ्यांवर बसले. लाल कॅलिपर, काळा पाइप आणि निपल: खाली, सरळ जमिनीकडे बघत. दुसऱ्या बाजूला गेले. तिथेही तळाला. मागच्या घोडीवर दुसरी एक कार होती, तिचं चाकही काढलेलं होतं. तिथे निपल माथ्यावर.

"उस्ताद, ये तो नीचे है।"

"मालूम है। दो दिन से देख रिया हूँ।"

"फिर बोले क्यों नहीं?"

त्यांनी इस्त्रीच्या शर्टाच्या खिशातून घडी केलेल्या दोन चिठ्ठ्या काढल्या आणि माझ्या तळहातावर ठेवल्या. माझंच अक्षर. "पहले ही दिन बोला था भैया को। पाइप ऐंठ रिया है, लगता है इधर का उधर है। भैया बोले, ताई का रजिस्टर देख लो। देख लिया। चिट पे दायाँ लिखा है तो दायाँ लगाया। जब खुला था तब मैं तो था नहीं।"

ते खरंच नव्हते. कॅलिपर कारवरून काढले त्या दिवशी ते सिहोरला भाचीच्या लग्नात होते. कारागिरांनी काढले आणि मी चालकाच्या सीटवर बसून, हात बाहेर काढून, बाजू खात्री करून लिहिली. त्या आठवड्यात फोटो काढायचं मला अजून सुचलेलं नव्हतं.

"दायाँ कहाँ लिखा है?" मी विचारलं.

त्यांनी काळ्या नखानं अक्षर दाखवलं. "ये क्या है। दा। दायाँ।"

"ये डा है, उस्ताद। डावा। मराठी में डावा मतलब बायाँ।"

त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. माझा ड घाईत लिहिला की खालची गाठ उघडी राहते, हे मला सव्वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तिथे सगळे माझं अक्षर वाचायला सरावलेले होते. पण मग दुसरी चिठ्ठी? एक चुकली तर दुसरीनं तरी अडवायला हवं होतं. मी ती पुढे केली. "और ये?"

"उ," उस्ताद म्हणाले. "उल्टा। उल्टा हाथ।"

मी परत स्टुलावर येऊन बसले. भोपाळमध्ये डाव्या हाताला उल्टा हाथच म्हणतात. मीसुद्धा म्हणते, रिक्षावाल्याला रोज सांगते, 'उल्टे हाथ पे मोड़ लो'. म्हणजे माझा डा त्यांचा उजवा आणि माझा उ त्यांचा डावा. एक अक्षर फसलं असतं तर दोन्ही कॅलिपर एकाच बाजूचे निघाले असते आणि पाचच मिनिटांत घोटाळा कळला असता. दोन्ही फसली, म्हणून सगळं कसं व्यवस्थित जुळलं. सुरुवातीला मला त्या चुकीच्या नीटनेटकेपणाचंच नवल वाटलं. शरम नंतर आली, पण आली तेव्हा पुरी आली.

"लेकिन आपकी आँख ने तो सही देखा था," मी म्हटलं. "चिट से ज़्यादा भरोसा आँख पे करना था ना।"

"करता था," उस्ताद म्हणाले. "पहले। पर इस साल ऐनक का नंबर दो बार बदला। ऊपर से ये गाड़ी नई मेरे लिए। सोचा, जापानी ने कुछ अलग बनाया होगा। और आप कारखाने से आई हैं, आपकी लिखी चीज़ ग़लत होती नहीं। तो मैं ही ग़लत हूँगा।" मग ते म्हणाले, "फिर भैया ने भी बोल दिया कि हाथ गए। तो बात मिल गई।"

चिठ्ठ्या माझ्या मुठीत होत्या. मी त्या बदलून गुपचूप कॅलिपर अदलाबदल करायला सांगितलं असतं तर दिराला 'अरे, उलटे बसले होते' एवढंच कळलं असतं, आणि कुणी बसवले ते सगळ्यांना माहीतच होतं. मी उठले आणि दारात गेले. दीर पानाच्या टपरीपाशी उभा होता.

"भावजी, आत या."

तो आला. मी मुद्दाम हिंदीत बोलले आणि मोठ्यानं बोलले, कारागिरांनाही ऐकू जाईल इतकं. "कैलिपर उल्टे लगे हैं। उस्ताद ने पहले दिन ही आपको बोला था। चिट मेरी ग़लत थी। खराबी न इनके हाथ में है, न सील में। खराबी मेरी लिखाई में है।"

त्यानं चिठ्ठ्या बघितल्या. मी डा आणि उ समजावून सांगितलं. आधी तो हसला, खूप हसला, "अरे बाप रे वहिनी" म्हणत. मग घोंगडीतल्या पान्यांकडे त्याचं लक्ष गेलं आणि हसू थांबलं. "उस्ताद," तो म्हणाला, "मैंने जो बोला…"

"मराठी में बोला था आपने," उस्ताद म्हणाले. "मुझे कहाँ समझती है मराठी।"

कारागीर फिस्सकन हसले. दिराची मान खाली.

"सॉरी उस्ताद।"

"सॉरी बाद में। पहले इंदौर फ़ोन लगाओ, खाँ।" भोपाळमध्ये 'खाँ' म्हणजे आपलं 'राव'. " भोपाल की गाड़ी में इंदौर वाला हवा निकालेगा? यहाँ की हवा ख़त्म हो गई क्या?"

दिरानं त्यांच्यासमोरच फोन लावला. पलीकडच्या माणसाला काय कारण सांगावं हे त्याला सुचेना, शेवटी म्हणाला, "नहीं भाई, हमारे उस्ताद ने पकड़ लिया।" उस्तादांनी फोन संपेपर्यंत वाट पाहिली. मग घोंगडी उलगडली आणि पाने होते तसे, लहानापासून मोठ्यापर्यंत, खिळ्यांवर लावले.

अदलाबदल त्यांनी एकट्यानं केली. कुणाला हात लावू दिला नाही. पाइप पीळ न पडता जागेवर बसला. मी सीटवर गेले.

"दबाओ। पकड़ के रखो।"

नळीतून बुडबुड्यांची अशी माळ निघाली की बाटली फसफसली. तीन दिवस तिथेच वर अडकून बसलेली हवा. मी मोजत होते: एका बाजूला अकरा वेळा, दुसऱ्या बाजूला नऊ. शेवटच्या खेपेला पेडल माझ्या पायाखाली दगडासारखं थांबलं. मी नुसतीच दाबून बसले. खालून आवाज आला, "ताई, छोड़ो अब। गाड़ी नहीं, पैर टूट जाएगा।"

त्यानंतर उस्तादांनी रजिस्टर मागितलं. पहिल्या पानावर माझा सीटवर बसून बाजू ठरवायचा नियम होता, त्याच्याखाली त्यांनी मला सांगून लिहायला लावलं: दायाँ-बायाँ नहीं, डावा-उजवा नहीं, सीधा-उल्टा भी नहीं। ड्राइवर साइड और खल्लासी साइड। खल्लासी म्हणजे ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या बाजूला बसणारा क्लीनर.

"उस्ताद, ही स्पोर्ट्स कार आहे," दीर मराठीतच म्हणाला. "दोन सीटच्या कारला खल्लासी कुठला?"

"जो दूसरी सीट पे बैठे वोई खल्लासी," उस्ताद म्हणाले. मराठी न कळणाऱ्या माणसानं उत्तर जरा फारच लवकर दिलं.

मी दोन्ही शब्द पूर्ण लिहिले, अक्षर तोडून. ड ची गाठ मारून. मग सगळ्या पिशव्या काढल्या आणि ज्या-ज्या चिठ्ठीवर बाजू होती ती फाडून नवी लिहिली. दिव्यांच्या पापण्या, दारांच्या बिजागऱ्या, आरसे, काचा. एकूण बेचाळीस. त्यातल्या किती उलट लागल्या असत्या याचा विचार मी करत बसले नाही. पण प्रत्येक चिठ्ठी लिहून झाली की उस्तादांना वाचायला दिली, आणि ते वाचून दाखवल्याशिवाय पिशवीत घातली नाही. काही ठिकाणी तेही अडखळले. मग शब्द कुणाचा ठेवायचा यावर आमची वादावादी झाली. बिजागरीचं कब्ज़ा झालं. झडपेवर मी अडून बसले, ती झडपच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कार बिनदाराची, बिनदिव्यांची, पण चाकांवर उभी होती. चाचणी गॅरेजमागच्या मोकळ्या प्लॉटच्या रस्त्यावर घ्यायची ठरली. उस्ताद चालवायला बसले. दिरानं दुसऱ्या सीटकडे पाऊल टाकलं, तर उस्ताद म्हणाले, "आप नहीं। जिसने चिट लिखी वो बैठेगी।"

मी बसले. आसन इतकं खाली की रस्त्यावरचे खडे डोळ्यांसमोर. दार नसल्यानं वारा थेट मांडीवर. उस्तादांनी गिअर टाकला, कार गुरगुरली आणि रस्ता संपेपर्यंत वेग वाढवत नेला. समोर कॉलनीचा पहिला गतिरोधक, उशीएवढा. त्यांनी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात मला दिसतील असे ताठ धरले आणि ब्रेक दाबला. माझं कपाळ पुढे गेलं, पदर पायांत आला, कार सरळ रेषेत थांबली. इकडे नाही की तिकडे नाही. गतिरोधक अजून चार हात लांब होता.

"ताई, किस तरफ़ खिंची?" त्यांनी विचारलं.

"किसी तरफ़ नहीं।"

"ठीक से बताओ। ड्राइवर साइड या खल्लासी साइड?"

"दोनों साइड नहीं, उस्ताद।"

त्यांनी कार वळवली. गॅरेजच्या दारात दीर उभा होता, शेजारी दोन्ही कारागीर. उस्तादांनी त्याच्या पायांपासून बरोबर एक हात अंतरावर कार थांबवली. तो दचकून मागे सरला.

"को खाँ," उस्ताद म्हणाले, "वो पीछे वाली गाड़ी के ब्रेक कौन खोलेगा?"

"आप, उस्ताद। और कौन।"

"तो खड़े क्या हो? घोड़ी लगाओ।"